धनुष्याचा साज

तासून तयार झालेले लाकडी धनुष्य हाती आले, की ते रंगवावे, त्यावर वेलबुट्टी काढावी, असे कोणालाही वाटते. ही हौस फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, वेळू, लाकूड आणि शिंग यांच्या धनुष्यांचा उल्लेख आहे. मोगल काळातील शिंगाच्या धनुष्यांवर तर सोनेरी फुलापानांची नाजूक नक्षी आढळते. परंतु तो रंग केवळ शोभेसाठी नसे. शिंग, लाकूड आणि जनावरांचे स्नायू सरसाने चिकटवून ही धनुष्ये बनवीत. सरसाला ओल लागली की तो सुटतो. म्हणून वरचा रोगणाचा थर म्हणजे त्या धनुष्याचे चिलखतच होय.

साध्या लाकडी धनुष्यालाही असे चिलखत हवे असते. पावसाळ्यात लाकूड हवेतील ओलावा शोषून घेते. मग धनुष्याचा जोर कमी होतो आणि बाण जवळच पडतो. उलट सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो. अशा वेळी लाकूड अतिशय सुकते व ओढताच तडकण्याची भीती असते. तेलाचा किंवा रोगणाचा थर असला, म्हणजे हा बदल मंदावतो.

साज चढविताना मात्र एक गोष्ट विसरून चालत नाही. धनुष्य ओढले असता त्याची बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आतली बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. पाठीवरील लाकडाचे तंतू अखंड असतील, तोवरच धनुष्य टिकते. तेथे हौसेने कोरलेली एक पाकळीदेखील हे तंतू तोडते. पुढे ऐन ओढीच्या क्षणी धनुष्य तेथूनच मोडते आणि ढलपी तिरंदाजाच्या तोंडावर उडते. म्हणून जाणता कारागीर पाठीवर कोरीत नाही, की खिळा ठोकीत नाही. तो रंगाने पातळ रेषा काढतो.

प्रथम लाकूड पॉलिश कागदाने तंतूंच्या दिशेने घासून गुळगुळीत करावे. नंतर तेलाचा हात द्यावा. सोलापूरकडील काळ्या रानात रब्बीला येणारी करडई आणि जवस यांची तेले या कामी येतात. हवा लागली की ती घट्ट होतात. जवसाचे तेल लवकर सुकते. करडईचे सावकाश सुकते, पण कमी पिवळे पडते. तेलाच्या चिंध्यांचा बोळा कधीही टाकून ठेवू नये. तेल सुकताना उष्णता निर्माण होते व बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर मोकळ्या जागी, एकेक पसरून वाळवाव्यात.

तेल पूर्ण सुकल्यावरच रंगाचे पट्टे काढावेत. जाड थर वाकताना तडकतो. म्हणून एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे. मूठ फारशी वाकत नाही. तेथे हौस पुरवावी. सोलापूर हे चादरींचे शहर, तेव्हा रंगीत सुताला तोटा नाही. ते मुठीवर घट्ट गुंडाळले, की शोभा येते आणि घामेजल्या हातातूनही धनुष्य निसटत नाही.

शेवटी मोठ्या माणसासमोर धनुष्य हळूहळू वाकवून पाहावे. रंगाला तडा गेला नाही आणि धनुष्याची ओढही उणावली नाही, म्हणजे साज उत्तम जमला असे समजावे. धनुष्याला तोच साज शोभतो, जो त्याच्याबरोबर वाकतो.