स्कूटर पोसायला काय लागते?

म्हैस घ्यायला बाजारात गेलो, की आपण नुसती किंमत विचारून परत येत नाही. दूध किती देते, वैरण किती खाते, पेंड किती लागते, सगळे विचारतो. स्कूटर घेताना मात्र हीच आपली शहाणी माणसे एकच गोष्ट विचारतात, "महिन्याला हप्ता किती?" बास! अहो, स्कूटरलाही वैरण लागते. दावणीला बांधलेली दिसत नाही, एवढेच.

आज आपण तिचा हिशेब मांडू या. वही-पेन्सिल जवळ घ्या.

समजा, एका शेतकऱ्याचे गाव तालुक्यापासून १२ किलोमीटर आहे. त्याला रोज दूध घेऊन तालुक्याला जायचे आहे. दुकानात सांगतात ती किंमत नुसत्या गाडीची असते. तिच्यावर आर.टी.ओ.चा कर, नोंदणी आणि विमा चढतो. सगळे धरून गाडी रस्त्यावर यायला किती पडतात, ते विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान दुचाक्यांवरचा जी.एस.टी. २८ टक्क्यांचा १८ टक्के झाला. तरी समजा, सगळे मिळून ९०,००० रुपये झाले. त्याने २०,००० रोख भरले आणि ७०,००० कर्ज काढले, ३ वर्षांच्या बोलीने.

आता इथे जरा थांबू. दुकानातला माणूस म्हणतो, "व्याज फक्त १० टक्के." ठीक आहे. पण १० टक्के कशावर?

एक रीत अशी, की तीनही वर्षे पुऱ्या ७०,००० वर व्याज लावायचे. वर्षाचे ७,०००, तीन वर्षांचे २१,०००. निम्मे मुद्दल फिटले तरी व्याज सगळ्यावर चालूच. याला फ्लॅट व्याज म्हणतात. दुसरी रीत, जेवढे देणे शिल्लक राहील तेवढ्यावरच व्याज. मग तीन वर्षांचे व्याज होते सुमारे ११,३००. टक्के तेच, कर्ज तेच, आणि फरक जवळजवळ ९,७०० रुपयांचा! एवढ्यात दारी बरी शेळी येते.

यावर उपाय आहे, आणि तो आता तुमच्या हातात आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की बँकेने किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीने असल्या कर्जाचा एक तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तो तक्ता सहीच्या आधी मागून घ्या. घरी आणा. दिव्याखाली बसून स्वतः वाचा. "वाचून काय करता, सही करा" असे कुणी म्हटले, तर दुसरे दुकान बघावे.

आपला शेतकरी घाईत होता. त्याने फ्लॅट व्याजाने कर्ज घेतले. ७०,००० आणि २१,००० मिळून ९१,०००. त्याचे ३६ भाग केले, की हप्ता येतो २,५२८ रुपये.

पुढे पेट्रोल. जाऊन-येऊन २४ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ६०० किलोमीटर. खड्ड्यांचा रस्ता आणि दुधाची कॅन, म्हणून लिटरला ४० किलोमीटर धरू. १५ लिटर लागले. हिशेब सोपा जावा म्हणून लिटरचे १०० रुपये धरले, तर १,५०० झाले. तुमच्या पंपावरचा भाव घालून तुम्ही पुन्हा मांडा.

इंजिनचे ऑइल, ब्रेक, टायर, बॅटरी यांना दर महिन्याला पैसे लागत नाहीत. लागतात तेव्हा एकदम लागतात, आणि नेमके पेरणीच्या तोंडावर! म्हणून महिन्याला ५०० रुपये डब्यात टाकत जावे.

झाले किती? ४,५२८. सहाशेने भागा. किलोमीटरला साडेसात रुपये पडले. एस.टी.च्या भाड्याशी ताडून पाहा. बायकांना तर मार्च २०२३ पासून एस.टी.त अर्धेच भाडे आहे. रोजच्या दुधावर ही गाडी आपला खर्च काढीलही. पण आठवड्याच्या बाजारापुरतीच घ्यायची असेल, तर हप्ता मात्र तेवढाच राहतो, बरे का.

आता विम्याचे. याला लोक "पोलिसांसाठीचा कागद" समजतात. तसे नाही. आपल्या गाडीने कुणी जखमी झाला किंवा दगावला, तर मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई ठरवते. ती लाखांत जाते. विमा असेल तर कंपनी भरते. नसेल तर मालकाने भरायची. मग शेत विकायची पाळी येते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर हा विमा ५ वर्षांचा मिळतो. पण सहाव्या वर्षी आठवण कोण करणार? जून २०२२ मध्ये ७५ ते १५० सी.सी.च्या गाडीला याचा दर वर्षाला ७१४ रुपये ठरला होता, वर कर. म्हणजे दिवसाचे दोन-सव्वादोन रुपये. तेवढ्यासाठी शेत पणाला लावायचे काय? विम्याच्या कागदावरची शेवटची तारीख पाहा आणि घरातल्या दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

लायसन नसलेल्या पोराच्या हाती गाडी दिली आणि अपघात झाला, तर कंपनी पैसे देऊनही ते मालकाकडून वसूल करू शकते. आणि पोरगा १८ वर्षांच्या आतला असेल, तर २०१९ च्या कायद्याने पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

शेवटी गाडी विकण्याचे. पैसे घेतले, किल्ली दिली, की विक्री झाली असे आपण धरतो. कायदा तसे धरत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक. गाडी दोन हात पुढे गेली असली तरी भरपाई त्याच्याकडे मागता येते. म्हणून नमुना २९ आणि ३० भरायचे. विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आर.टी.ओ.ला कळवायचे. नोंदणीच्या कागदावरचे आपले नाव जाऊन घेणाऱ्याचे आले, हे आपल्या डोळ्यांनी वाचायचे, आणि मगच पुस्तकातून गाडी उतरली असे म्हणायचे.