लघवी रोखून धरायला लावणारी नोकरी

गेल्या महिन्यात कल्याण पूर्वेला विहारात रविवारची रक्तदाब तपासणी चालू होती. पंचवीस-सव्वीस वर्षांची एक मुलगी रांगेत मुद्दाम शेवटी थांबली. बाकीचे गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, बीपी नको. लघवीला आग होते. या वर्षातली तिसरी वेळ." पहिल्या वेळी केमिस्टकडून गोळ्या आणल्या, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून उरलेल्या पर्समध्ये ठेवल्या, आणि आता त्याच काढून घेतल्या होत्या.

पाणी किती पितेस, असं विचारलं. "शिफ्टला नाहीच पीत फारसं. उठायला परवडत नाही."

ती ऐरोलीला एका कंपनीत हेल्पडेस्कवर आहे. ठाण्याला गाडी बदलून जाते. परदेशातल्या ऑफिसांत कुणाचा पासवर्ड अडला, खातं लॉक झालं, नेटवर्क तुटलं की फोन हिच्याकडे. आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुलं-मुली आज ठाणे-ऐरोली-घणसोलीला हे काम करतात. घरच्यांना वाटतं, एसीत बसून तर काम करते, तिला काय होतंय!

"उठायला परवडत नाही" म्हणजे काय, ते मी तिला एकेक करून सांगायला लावलं. आधी स्क्रीन लॉक करायची. मग फोनच्या यंत्रणेत ब्रेक लावायचा, तिथून सेकंद मोजायला सुरुवात. कार्ड दाखवून दार उघडायचं, लांबचा पॅसेज, बाथरूम. परत कार्ड, परत पासवर्ड, मग टोकनवरचा कोड. तेवढ्यात नेटवर्क तुटलेलं असेल तर ते जोडायचं. चार मिनिटांच्या कामाला अकरा मिनिटं जातात आणि ती अकराच्या अकरा मिनिटं तिच्या नावावर लागतात. म्हणून शिफ्टभर एकदाच उठायचं आणि पाणीच प्यायचं नाही, हा तिने काढलेला मार्ग.

कुलपं नकोतच, असं मी म्हणणार नाही. मी ज्या वॉर्डात होते तिथे सगळ्या सिस्टरांचा मिळून एकच पासवर्ड होता आणि तो मॉनिटरला चिकटपट्टीने लावलेला होता. औषधाची नोंद कुणी बदलली, हे कुणालाच सांगता आलं नसतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्याने बंद पडले, तेव्हा कित्येक दिवस केसपेपर आणि रिपोर्ट हाताने लिहावे लागले. म्हणजे सुरक्षा हवीच. पण सगळीच कुलपं कामाची नसतात. ठराविक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावण्याचा नियम घ्या. अमेरिकेच्या ज्या सरकारी संस्थेच्या २००३ च्या शिफारशींमुळे तो जगभर रुजला, त्याच संस्थेने २०१७ मध्ये सांगितलं की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर उगाच बदलायला लावू नका. लोक शेवटचा आकडा तेवढा बदलतात. तरी पुष्कळ कंपन्यांत तो चालूच आहे. आणि विसरलेला पासवर्ड सोडवायला फोन कुणाला? हिलाच.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार तिला अजून आठवतो. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले, तोच दिवस. अडकलेले पुष्कळ कॉम्प्युटर एकेक करून हाताने सोडवावे लागले, आणि जिथे डिस्कला कुलूप होतं तिथे ४८ आकडी किल्ली टाकावी लागली. ती फोनवरून एकेक आकडा वाचून दाखवत होती. त्या दिवशी दहा तासांत एकदा उठली. आग पहिल्यांदा झाली ती त्याच आठवड्यात.

आता शरीराचं. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा. गुदद्वाराजवळचे जंतू तिथून सहज वर जातात. वेळेवर लघवी झाली तर ते वाहून जातात. तासन् तास रोखली आणि पाणीही कमी, तर त्यांना वाढायला निवांत वेळ मिळतो. २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार हा त्रास होणाऱ्या आणि मुळात पाणी कमी पिणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. त्यांच्यातला संसर्ग बाकीच्यांच्या जवळपास निम्म्यावर आला. औषध नाही, नुसतं पाणी.

चहा-कॉफीला पाणी समजू नका. रात्रपाळीत जागं राहायला चार-चार कप होतात, त्याने मूत्राशय आणखी चाळवतं आणि सकाळची झोपही जाते.

आग, वारंवार लागणं, ओटीपोटात दुखणं असेल तर आधी लघवीची तपासणी, मग डॉक्टर सांगतील ती गोळी, सांगितले तितके दिवस. पुन्हा पुन्हा होत असेल तर लघवीचं कल्चर आणि रक्तातली साखर तपासून घ्या. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलटी, यातलं काही असेल तर उद्यावर टाकू नका. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. गरोदर बाईने तर साधी आगही अंगावर काढू नये. उरलेल्या गोळ्या पर्समध्ये ठेवायची सवय मोडा. अर्धवट औषधाने जंतू निबर होतात आणि पुढे तीच गोळी लागू पडत नाही.

हिच्या कल्चरमध्ये नेमकं तेच निघालं. नेहमीच्या दोन गोळ्यांना जंतू दाद देईनात. तिसऱ्या औषधाने उतार पडला.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखान्यांचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. तास मोजले जायचे ते कामगाराला घरी सोडण्यासाठी. इथे सेकंद मोजतात ते बाथरूमचे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह देणं मालकावर बंधनकारक आहे. पण ते असून जाता आलं नाही तर उपयोग काय?

आम्ही दोघींनी बसून एचआरला मेल लिहिला. आरोप नाही, रडगाणं नाही. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आणि तीन गोष्टी मागितल्या: बाथरूमची मिनिटं ब्रेकमध्ये धरू नयेत, जागेवर झाकणाची बाटली चालावी, आणि थोडा वेळ उठल्यावर नेटवर्क तुटू नये. बाटली दुसऱ्याच दिवशी मंजूर झाली. मिनिटांचा हिशेब डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिच्यापुरता सुटला. शेजारच्या खुर्चीवरचीला अजून लागू आहे. नेटवर्कचं विचारलं तर तिला सांगितलं, हेल्पडेस्कला तिकीट टाका.

येत्या रविवारी दहा ते बारा तपासणी आहे. हेल्पडेस्क आणि कॉल सेंटरवाल्या मुलींनी ऑफिसची बाटली सोबत आणावी. ती किती मिलिलिटरची आहे आणि शिफ्टमध्ये किती वेळा भरता, ते बघून लिहून घेऊ.