कोळशाच्या गावात सुखाचा हिशेब

माजरी जंक्शनला उतरलं की भोवतालच्या खाणींची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातल्या या गावाला वेकोलिनं, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सनं, रोजगार दिला आणि धूळही दिली. इथल्या एका घरातला हा संवाद. आत्या अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, भाची बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला.

भाची : आत्या, २०२५च्या जागतिक आनंद अहवालात भारत १४७ देशांत ११८वा आहे आणि फिनलंड सलग आठव्यांदा पहिला. म्हणजे देश श्रीमंत झाला की लोक सुखी होतात, एवढंच ना?

आत्या : अर्धं खरं आहे. आधी मोजतात कसं ते बघ. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी मनात आणायची. दहावी पायरी म्हणजे तुला मिळू शकेल असं सगळ्यांत चांगलं आयुष्य, शून्य म्हणजे सगळ्यांत वाईट. आज तू कुठल्या पायरीवर आहेस, हा प्रश्न. तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढून क्रम लावतात. गरीब देशांतले लोक बहुतेक खालच्याच पायऱ्या सांगतात. त्यामुळे उपाशी माणसाला ‘पैशात सुख नसतं’ असं सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं. पण त्याच यादीत कोस्टा रिका सहावा आहे आणि अमेरिका चोविसावी.

भाची : अमेरिका तर कितीतरी श्रीमंत!

आत्या : म्हणूनच रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्ये मांडलेलं कोडं अजून चर्चेत आहे. एका वेळी पाहिलं तर श्रीमंत माणूस गरिबापेक्षा सुखी दिसतो. पण अमेरिकेचं उत्पन्न वर्षानुवर्षं वाढत गेलं, तरी त्या प्रमाणात सुख वाढलेलं त्यांना दिसलं नाही. पुढच्या अभ्यासकांनी यावर आक्षेप घेतले, वाद अजून मिटलेला नाही. ईस्टरलिन यांचं एक कारण मात्र मला पटतं : माणूस आपलं उत्पन्न शेजाऱ्याच्या उत्पन्नाशी ताडून बघतो.

भाची : खाणीत जमीन गेली की असंच होतं. सातबारा ज्याच्या नावावर, त्याला मोबदला आणि नोकरी. त्याच शेतात निंदायला जाणाऱ्या बाईला काय?

आत्या : बहुतेकदा काहीच नाही. आणि तिची बुडालेली मजुरी देशाच्या आकड्यात कुठं दिसतही नाही, कारण कोळशाची रक्कम त्याहून फार मोठी असते. राष्ट्रीय उत्पन्नात कोळसा विकला ते धरतात, धुळीनं खोकणाऱ्या माणसाचं खासगी दवाखान्याचं बिलही धरतात. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथं होतं. तो आकडा उत्पन्नातून कुणी वजा केला नाही.

भाची : आणि दारूची विक्री?

आत्या : तीही उत्पन्नातच. २०१० मध्ये या जिल्ह्यातल्या बाया दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरला विधिमंडळावर चालत गेल्या. २०१५ मध्ये बंदी आली, मे २०२१ मध्ये उठवायचं ठरलं. अवैध विक्री वाढली हे कारण सांगितलं गेलं, बुडालेल्या महसुलाचीही चर्चा झाली. अवैध विक्री होती, हे मी नाकारत नाही. पण पगाराच्या दिवशी नवरा काय घेऊन घरी येतो, यावर ज्या बाईचं सुख अवलंबून आहे, तिच्या बाजूचा हिशेब महसुलाच्या रकान्यात बसत नाही.

भाची : मग भूतानसारखं सुखच मोजावं का?

आत्या : मोजावं, पण तेवढ्यानं भागत नाही. राष्ट्रीय सुखाची कल्पना भूतानच्या राजानं मांडली, तरी आज तिथली तरुण पोरं कामासाठी ऑस्ट्रेलियाला जातात. आपल्या शेजारचं गडचिरोलीच बघ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं. जिल्हा श्रीमंत होण्याची वाट बघितली असती, तर ती बाळं वाचली नसती.

भाची : म्हणजे पैसा थोडा, पण नेमक्या जागी.

आत्या : आणि कुठं लावायचा ते ठरवणारे कोण, हेही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ पासून ग्रामसभा स्वतःच्या परवान्यानं बांबू विकू लागली. तिथं निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतात. बांबूचे पैसे आले हे चांगलंच झालं. पण आपल्या जंगलाचं काय करायचं हे आपण ठरवतो, ही भावना कुठल्याही मजुरीत मिळत नाही. आनंद अहवालही उत्पन्नाच्या जोडीला अडचणीत धावून येणारं माणूस, निर्णयाचं स्वातंत्र्य आणि भ्रष्टाचार यांचा विचार करतो, तो याचसाठी.

भाची : पण आपल्याकडे जंगल नाही, कोळसा आहे. तो तर सरकारचा.

आत्या : कोळसा सरकारचा, पण त्यातला एक वाटा कायद्यानं आपल्यासाठी ठेवलाय. खाण कायद्याच्या २०१५च्या दुरुस्तीनं प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. कोळशावर १४ टक्के स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, असतं. जुन्या खाणपट्ट्यांनी त्याच्या ३० टक्के एवढी रक्कम वेगळी या प्रतिष्ठानात भरायची. तिचा मोठा भाग खाणबाधित गावांत पाणी, आरोग्य, शिक्षण आणि पर्यावरण यांवर खर्च व्हायला हवा.

भाची : आपल्या गावात यातून काय झालं, हे कुणाला विचारायचं?

आत्या : प्रतिष्ठानला कामांची यादी आणि खर्च जाहीर करावा लागतो. ती यादी मिळव, छापून घे आणि येत्या ग्रामसभेत वाचून दाखव. त्या निंदणाऱ्या बाईला सोबत घेऊन जा, आणि तिच्या वस्तीसाठी काय मंजूर झालं ते तिलाच विचारू दे.