मेणवलीचा वाडा : कागदाचे दप्तर आणि दगडाचे

बारभाईचे कारस्थान, सालबाईचा तह, खर्ड्याची लढाई या प्रकरणांतून नाना फडणवीस आपल्याला परीक्षेपुरते भेटतात. वाईपासून कृष्णेच्या काठाने तीनेक किलोमीटरवर मेणवली गावी त्यांचा वाडा आहे, तो अभ्यासाला घ्यावा असे मला वाटले. याला कारण आमचे घर. माझे आजोबा पाथरवट होते, वडील गवंडी आहेत. कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिलाच. त्यामुळे दगडाविषयी घरी ऐकलेले आणि इतिहासाविषयी वर्गात ऐकलेले एका ठिकाणी पडताळून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

नानांचा जन्म १७४२ चा, मृत्यू १८०० चा. १७६८ मध्ये भवानराव पंतप्रतिनिधींनी मेणवली गाव त्यांना इनाम दिले. पुढे नानांनी तेथे कृष्णेवर घाट, मेणेश्वराचे व विष्णूचे देऊळ आणि सहा चौकांचा वाडा उभा केला. वाड्याचा काळ साधारण १७८० धरतात. घाटावरची मोठी घंटा वसईची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर ती मराठ्यांच्या हाती आली. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. शंकराच्या दारी ती बिनतक्रार नांदते आहे! २००४ च्या ‘स्वदेस’ चित्रपटाचे चित्रण येथे झाले, तेव्हापासून पाहुणे वाढले. बहुतेकजण घाट पाहून परततात.

इतिहासकारांना मेणवली माहीत आहे ती ‘मेणवली दप्तरा’मुळे. नानांनी कागद जपले. ते दत्तात्रय बळवंत पारसनिसांच्या संग्रहातून पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले, आणि म्हणून वाचले. वाईच्या परिसराला हे नवे नव्हते. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा १८९८ चा पहिला खंडही वाईत सापडलेल्या कागदांवरच उभा आहे. पण कागद उचलून नेता येतो, भिंत नेता येत नाही. दगड-चुन्याचे हे दुसरे दप्तर आहे तेथेच वाचले पाहिजे.

ते वाचायचे कसे? सुरुवात जोत्यापासून करावी. पेशवाईतल्या वाड्यांची रीत अशी, की खाली घडीव काळा दगड, वर विटा आणि आत सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा. सगळी भिंत दगडी का नाही, असा प्रश्न मला पडत असे. उत्तर ओलीत आहे. नदीकाठची ओल जमिनीतून वर चढते. काळा दगड पाणी फार थोडे पितो, वीट पिते. म्हणून दगड खाली. खांबही जमिनीत पुरत नाहीत. दगडी उथळ्यावर उभा करतात, म्हणजे बुंधा कुजत नाही. छताचा भार बराचसा सांगाडा पेलतो.

खरी करामत चुन्याची. भट्टीत भाजलेली चुनखडी विझवून, वाळू घालून, बैलाच्या घाणीत मळत. त्यात गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी घालण्याची चाल होती. असा चुना सावकाश घट्ट होतो आणि आतली ओल बाहेर सोडतो. सिमेंट तसे करीत नाही. आमच्या बाजूच्या एका जुन्या वाड्याला काही वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा दिला. वर्षभर भिंत नव्या नवरीसारखी दिसली. तिसऱ्या पावसाळ्यात विटांचा भुगा पडू लागला, कारण अडलेली ओल विटेतच राहिली आणि तिच्यातल्या क्षारांनी वीट फोडली. आबा भिंतीवर हात फिरवून म्हणाले, “चुना दम घेतो रं. हिचा दम कोंडलाय.” आमच्या सरांनी हेच रसायनशास्त्राच्या भाषेत समजावले, तेव्हा आबा म्हणतात ते शास्त्र आहे हे मला नीट कळले.

‘हा वाडा नानांनी बांधला’ असे आपण लिहितो. व्याकरणाने आणि न्यायाने ‘बांधविला’ असे लिहायला हवे. बांधणारे पाथरवट, गवंडी, सुतार, लोहार, वडार. त्यांची सही टाकीच्या घावात आहे. दोन चिऱ्यांमध्ये नख शिरू नये इतका सांधा बसविणाऱ्याला अक्षरओळख असेल-नसेल, पण ओळंबा आणि गुण्या त्याला पुरते कळत होते. वाड्याचे मोल केवळ नाना तेथे राहत म्हणून आहे, असे मला वाटत नाही. भित्तिचित्रांची वाखाणणी होते ती योग्यच, पण चित्राला धरून ठेवणारी भिंत कोणी पाहत नाही. आणि दुरुस्तीत एकदा जुना सांधा सिमेंटने बुजवला की ते पान गेले. त्याची दुसरी प्रत कोठल्याही कॉलेजात नाही. चुना मळणारे हातही आता थोडे उरले आहेत. आबांच्या जोडीच्या गवंड्यांत तो नीट करू शकणारे दोघेच आहेत, आणि दोघेही साठीपुढचे.

वाडा नानांच्या वंशजांकडे आहे. आपल्या इतिहास मंडळाने त्यांची रीतसर परवानगी घ्यावी आणि दिवाळीच्या सुट्टीत निदान एका चौकाची मापे, सांधे आणि टाकीच्या खुणा टिपून घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे. चारपाच जण, एक मोजपट्टी आणि दोन वह्या एवढे पुरे. ओळंबा मी घरून आणीन. आबाही यायला तयार आहेत.