कर्जाचें नवें-जुनें आणि घरची शिल्लक

शेतकऱ्याचें आर्थिक स्वातंत्र्य कशास म्हणावें, याविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. आमच्या मतें त्याची कसोटी एकच. सोसायटीच्या पीककर्जाची मुदत भरली त्या दिवशीं, मुलांच्या शिक्षणास हात न लावतां व कोणाच्या ओट्यावर न जातां, तें फेडतां येतें कीं नाहीं?

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून नुकतेच निवृत्त झालों. हजारों सातबारे या हातांखालून गेले. ‘इतर हक्क’ या रकान्यांत सोसायटीचा बोजा लिहिलेला असतो. परंतु तो बोजा फेडण्यासाठीं जें दुसरें कर्ज काढलें जातें, तें तेथें दिसत नाहीं. ‘नवें-जुनें’ म्हणतात तें हेंच. मार्चांत खाजगी सावकाराकडून रक्कम उचलावयाची, सोसायटीचें खातें पुरें करावयाचें, आणि नवें कर्ज हातीं आलें कीं तें सावकारास नेऊन द्यावयाचें. कागदोपत्रीं शेतकरी वक्तशीर ठरतो. 2021-22 पासून महाराष्ट्रांत अशा वक्तशीर शेतकऱ्यास तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज बिनव्याजी पडतें. पण मधल्या दोन महिन्यांचें काय? 1875 सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले. 1904 च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्यांचा पाया घातला गेला. आणि आतां सोसायटीचें खातें चालू ठेवण्यास सावकाराचाच पैसा लागावा, हा प्रकार चमत्कारिक खरा.

आमचीच गोष्ट सांगतों. थोरल्या मुलीच्या लग्नांत पीककर्जाचे 1,20,000 रुपये खर्ची पडले. पीक आलें तें घरखर्चांत व धाकट्यांच्या फियांत संपलें. पुढें सहा वर्षें आम्हीं नवें-जुनें केलें. दरमहा शेंकडा तीन रुपयांप्रमाणें दोन महिन्यांचे 7,200. सहा वर्षांचे 43,200 रुपये झाले, आणि मुद्दल जागच्या जागीं! दुसऱ्यांचे आंकडे तपासण्यांत जन्म गेला, पण हा हिशेब आम्हीं कधीं मांडला नव्हता. तो आमच्या कुटुंबानें दुधाच्या वहीच्या मागल्या पानावर मांडून पुढें ठेवला.

उपायहि त्याच वहींतून निघाला. डेअरीचें बिल दर दहा दिवसांनीं येतें. महिन्याच्या तीन बिलांपैकीं पहिलें वैरण-पेंडीस, दुसरें किराण्यास, आणि तिसरें घरीं न आणतां कुटुंबाच्या नांवें बँकेंत, असें ठरलें. वर्षाकांठीं सुमारें 20,000 सांठले. त्या मार्चांत सावकाराकडून 1,00,000 च घेतले; व्याज 6,000 पडलें. नवें कर्ज येतांच आमची शिल्लक आधीं जशीच्या तशी भरून ठेवली. येथेंच पुष्कळांचा पाय घसरतो. दुसऱ्या वर्षीं 80,000 घेतले, व्याज 4,800. तिसऱ्या वर्षीं मुलास पदविकेस प्रवेश मिळाला. वसतिगृह व फी यांत तिसरें बिल गेलें आणि पुन्हां 80,000 च घ्यावे लागले. कुटुंबास याचें वाईट वाटलें. आम्हांस वाटलें नाहीं. जुनी शिल्लक मोडली नाहीं, हेंच आम्हीं पुष्कळ मानलें. पुढें दरसाल 20,000 नें उचल घटत गेली, व सातव्या वर्षीं सावकाराकडे जाण्याचें कारण उरलें नाहीं. या अवधींत व्याज गेलें तें एकूण 22,800.

पगार होता म्हणून जमलें, असें कोणी म्हणेल. पगार तर पहिल्या सहा वर्षांतहि होता.

सातव्या वर्षीं आलेलें कर्ज शिल्लकेंत भरलें, पेरणीपुरतें काढलें, व पीक विकतांच परत ठेवलें. इतक्या वर्षांनीं प्रथमच पीककर्ज पिकास लागलें. खत रोखीनें घेतल्यामुळें दुकानाची उधारीहि सुटली. मुलीच्या नांवें सुकन्या समृद्धि खातें असल्यास (2015 पासून हीं निघालीं, मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वींच उघडावें लागतें) तें मात्र या शिल्लकेंत धरूं नये. तो पैसा मार्चच्या नडीस काढतां येत नाहीं, आणि येऊंहि नये.

सध्यां आमच्याकडे धाकटीच्या लग्नाचें बोलणें चालूं आहे. तिसरें बिल अद्यापहि घरीं येत नाहीं. मांडवाचा खर्च किती करावा, यावर मात्र आमचें व कुटुंबाचें एकमत व्हावयाचें आहे.