मूर्खपण आणि वेड : ख्रिस्ती शास्त्रातील एका संज्ञेचा मराठी विचार

सावित्री नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे उत्तर तीरावर हरिहरेश्वर आणि दक्षिण तीरावर बाणकोट आहे. हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत व दक्षिण काशी म्हणून ख्यातकीर्त क्षेत्र, तर बाणकोट येथे 1823 मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी कोकणातील आपले कार्य आरंभिले. एका खाडीच्या दोन काठांवरील या दोन गावांचा निर्देश येथे केवळ भूगोलासाठी केलेला नाही. ख्रिस्ताचा शिष्य पौल याने करिंथ येथील मंडळीस इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास जे पहिले पत्र लिहिले, त्यात क्रूसावरील मरणाचा संदेश यहुद्यांस अडखळण आणि ग्रीकांस मूर्खपणा वाटतो, असे प्रतिपादन आहे. ज्ञानाची परंपरा अभिमानाने सांभाळणारा शास्त्री आणि शनिवार पाळणारा बेने इस्राएल तेली हे दोघेही याच किनारपट्टीवर नांदत होते. पौलाच्या विधानातील दोन्ही श्रोतृवर्गांशी साम्य असलेले समाज एकाच मुलखात सापडावेत, हा योग मराठी अभ्यासकाने दुर्लक्षू नये असा आहे.

‘मूर्ख’ या शब्दाने मराठी वाचकास प्रथम स्मरतो तो दासबोध. दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा, दहावा पढतमूर्खलक्षणांचा. समर्थांचा मूर्ख हा व्यवहारात चुकणारा मनुष्य आहे. कोठे बोलावे, कोणाशी वैर करू नये, काय गुप्त ठेवावे, याचे त्यास भान नाही. उपदेशाने तो सुधारू शकतो, किंबहुना त्यासाठीच ती लक्षणे सांगितली आहेत. पढतमूर्खाचे दुखणे अधिक खोल आहे. त्याच्यापाशी ज्ञान आहे, वक्तृत्व आहे; आचरण मात्र त्या ज्ञानाशी फटकून आहे. तथापि दोन्ही समासांत शहाणपण हे मूल्य अबाधित राहते. पढतमूर्ख निंद्य ठरतो तो ज्ञानामुळे नव्हे, ज्ञानाशी केलेल्या प्रतारणेमुळे.

इब्री शास्त्रातील मूर्खविचार या भूमिकेस पुष्कळ जवळचा आहे. नीतिसूत्रांत मूर्खासाठी एकच शब्द नाही. ‘पेथी’ म्हणजे भोळा, कोणाच्याही बोलण्यास भुलणारा, परंतु शिकण्याजोगा. ‘केसील’ हा जड बुद्धीचा आणि त्या जडतेतच संतुष्ट असलेला. ‘एवील’ शिक्षणाचाच तिरस्कार करतो. या सर्वांहून कठोर शब्द ‘नाबाल’ हा होय. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात याच नावाचा एक धनवान येतो. त्याच्या तीन हजार मेंढ्या व एक हजार शेळ्या होत्या. ज्याच्या माणसांनी रानात त्याच्या कळपांचे रक्षण केले, त्या दाविदास तो लोकर कातरण्याच्या सणात भाकरीही नाकारतो. त्याची पत्नी अबीगईल प्रसंग सावरते आणि नवऱ्याचे नाव व स्वभाव एकच असल्याचे स्पष्ट सांगते. नाबाल बुद्धीने कमी नाही. उपकाराची जाण त्याला नाही. चौदाव्या स्तोत्रात देव नाही असे मनाशी म्हणणारा मूढ आहे, त्यालाही हाच शब्द योजिलेला आहे. तेथे तत्त्वज्ञानातील निरीश्वरवाद अभिप्रेत नसून, कोणी जाब विचारणारा नाही असे समजून वागणे अभिप्रेत आहे. या स्तोत्राच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात नाबालासाठी ‘अफ्रोन’ शब्द आला. लूकच्या शुभवर्तमानात कोठारे मोठी करण्याचे बेत आखणाऱ्या आणि त्याच रात्री मरणाऱ्या धनिकास देव याच शब्दाने हाक मारतो. मराठी भाषांतरात तेथेही ‘मूर्ख’ आणि मत्तयातील दिव्यांचे तेल विसरलेल्या पाच कुमारींनाही ‘मूर्ख’. मूळ ग्रीकमध्ये मात्र कुमारींसाठी निराळा शब्द आहे. मराठीत हा भेद पुसला गेला, हे मान्य करावे लागते.

कुमारींसाठीचा तो शब्द ‘मोरोस’, आणि त्याचेच भाववाचक रूप ‘मोरिया’ पौल करिंथकरांस लिहिताना वापरतो. येथे मात्र दासबोधाची वाट आणि पौलाची वाट वेगळी होते. रोमी राज्यात क्रूस हा प्रामुख्याने दासांस व बंडखोरांस देण्यात येणारा दंड होता. मराठी बायबलातील ‘वधस्तंभ’ हा शब्द ती अपमानास्पदता ‘क्रूस’ या परिचयाने गुळगुळीत झालेल्या शब्दापेक्षा चांगली राखतो. अशा दंडाने मेलेल्या मनुष्यात देवाचे सामर्थ्य आहे, हे विधान केवळ पढतमूर्खास नव्हे, तर आचरणाशी प्रामाणिक असलेल्या खऱ्या ज्ञानवंतासही मूर्खपणाचे वाटणार, असे पौलाचे म्हणणे आहे. शहाणपणाचा गैरवापर हा त्याचा विषय नाही. शहाणपणाच्या अधिकाराची सीमा हा आहे.

मराठी संतपरंपरेत याला जवळचा वाटणारा शब्द ‘वेड’ आहे. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंस लोक वेडे, पिसे म्हणत, आणि महानुभावांनी ते वेड त्यांच्या ईश्वरत्वाचे लक्षण मानून चरित्रात आदराने नोंदविले. वारकरी संतही विठ्ठलाचे वेड भूषण म्हणून मिरवितात. मराठीत वेडा पूज्य होऊ शकतो, मूर्ख कधीच नाही. संत स्वतःस मूढ वा मतिमंद म्हणवितात तो विनय होय, प्रतिज्ञा नव्हे. भाषांतरकारांनी करिंथकरांच्या पत्रात ‘वेड’ योजिले असते, तर हा विचार भक्तीच्या ओळखीच्या प्रवाहात सहज मिसळला असता व त्यातील टोच नाहीशी झाली असती. ‘मूर्खपणा’ या रुक्ष शब्दाची निवड म्हणूनच अचूक ठरते. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक हे तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. तो पूल भक्तीचा होता, आणि त्यावरून ‘वेड’ सुखाने येऊ शकते. मूर्खपणास मात्र तेथे वाट मिळणे कठीण.

मिशनऱ्यांनीही या संज्ञेस न्याय दिला असे म्हणवत नाही. 1829 मध्ये आलेल्या जॉन विल्सन यांनी हर्णै येथे मराठीचा अभ्यास केला. पुढे 1831 मध्ये मोरभट दांडेकरांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली व विल्सन यांनी तिचे खंडन छापले. त्या खंडनाचा भर पुराणकथा बुद्धीस पटत नाहीत यावर होता. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांच्याशी झालेल्या वादांतही उभय पक्षांचा निकष तर्कच राहिला. ज्या शास्त्राने स्वतःच्या मुख्य संदेशास जगाच्या दृष्टीने मूर्खपणा म्हटले, त्याच्या उपदेशकांनी दुसऱ्याच्या श्रद्धेस बुद्धीच्या तराजूत तोलावे, यातील विसंगती त्या काळच्या शास्त्रीमंडळींच्या हाती लागती, तर वादाला वेगळे वळण मिळते. तसे घडले नाही याचे एक कारण असे संभवते की, शास्त्रीमंडळींनाही तर्काचे मैदान सोडावयाचे नव्हते.

पौलापुढे या प्रश्नाची दुसरी, अधिक लौकिक बाजू होती. त्याच पत्रात तो करिंथकरांस उपरोधाने शहाणे म्हणतो आणि स्वतःस ख्रिस्तासाठी मूर्ख. लगेच भूक, उघडेपणा, मार, स्वतःच्या हातांनी केलेले श्रम यांची यादी देतो. त्याच्या लेखी मूर्खपणा हा सिद्धांत म्हणून सुरू झाला, तरी त्याचा पुरावा कष्ट करणाऱ्या हातांत आहे. मंडळीत विद्यावंत व कुलीन फार नव्हते, याची आठवणही तो पहिल्याच अध्यायात करून देतो.