एक ओळ तरी लिही

पनवेल

चि. सोनूस,


काल विरूपाक्षाच्या देवळात तुझ्या मित्राची आई भेटली. “लोकांकडून गेमसाठी पैसे घेतले आणि मुलगा आता फोन उचलत नाही म्हणे,” असं चार बायकांत बोलली. तिला मी तिथंच गप्प केलं, पण घरी आले तर हात थरथरत होते. कारण फोन तू माझाही उचलत नाहीस.

गेम पाडव्याला देणार होतास, आता दिवाळी आली. त्याचं मला काही नाही. काम करणारे तिघंच, त्यात वर्गणीच्या प्लॅटफॉर्मचं कमिशन, टॅक्स, पैसे देणाऱ्यांना पाठवायच्या टी-शर्टांचं कुरिअर. ठरलेला आकडा पूर्ण झाला तरी हातात किती उरतं हे तूच मला कागदावर मांडून दाखवलं होतंस. उशीर व्हायचाच. पण पैसे देणाऱ्यांना इतक्या महिन्यांत एक ओळसुद्धा नाही? दादाच्या कर्जाच्या वेळचं तू पाहिलंयस. तो दारात उभा राहून बोलत होता तोवर लोक थांबत होते. तो माळ्यावर जाऊन बसायला लागला आणि सगळं बिनसलं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सवाल्यांचं तूच सांगितलंस. २०१७ मध्ये ‘राजी’ या गेमसाठी त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर १,२०,००० पौंड मागितले, ते जमले नाहीत. तिथं आकडा गाठला नाही तर छदामही मिळत नाही. तरी ते कामाला चिकटून राहिले आणि २०२० मध्ये गेम आला. त्यांच्या डोक्यावर निदान त्या वर्गणीचं देणं नव्हतं. तुला पैसे मिळाले आहेत, म्हणून तुला गप्प बसता येणार नाही.

लोकवर्गणी आपल्याकडे जुनीच आहे. अंताजी दामोदर काळ्यांनी एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला, लोकमान्यांनी पाठबळ दिलं, तेव्हा कुठं १९०८ साली तळेगावचा काचकारखाना निघाला. असल्या कामाला वेळ लागतो हे देणाऱ्यांना समजतं रे. तू काही सांगितलंच नाहीस तर ते भलतंच समजतील.

मीही एकदा अशीच गप्प बसले. माझी चित्रकलेच्या परीक्षेची फी आमच्या बाईंनी भरली होती. अण्णांचं आजारपण आलं, मी परीक्षेला बसले नाही आणि लाजेनं त्यांच्याकडे जाणंच सोडलं. बाजारात दिसल्या की गल्ली बदलायचे. त्या गेल्यावर त्यांची सून म्हणाली, “तुमची चौकशी करायच्या. फीचं कधी नावही काढलं नाही.” दोन शब्द बोलायला काय लागलं असतं!

रागावले, मनाला लावून घेऊ नकोस. आज रात्रीच लिही: काय झालं, काय राहिलं, का राहिलं. नवी तारीख दमानं दे, नवं काही कबूल करू नकोस. कुणी वाईट बोलेल, ऐकून घे.

तुझ्या आईला मी काही सांगितलेलं नाही. जेवतोस ना वेळेवर? गेल्या वेळी डोळे किती खोल गेले होते तुझे. शनिवारी ये. वरची खोली झाडून ठेवते, दार लावून काम कर, कुणी काही विचारणार नाही. गेम अर्धा असला तरी मला दाखव. तो नदी ओलांडणारा मुलगा अजून पाण्यात पडतो का, बघायचंय मला. आणि लिहायला सुचलं नाही तर इथं येऊन लिही, मी शेजारी बसेन.

तुझी
माई आत्या